सिक लाइनवरची डिस्क

१ एप्रिल, शनिवार

रेल्वेच्या यार्डात नोकरीला असताना मी रोज डायरी लिहायचो. ती साहेबाच्या सहीला जायची, म्हणून तिच्यात फक्त गाड्या असायच्या. ही वही कुणाच्याच सहीला जाणार नाही, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की आम्ही चरोदा, दुर्गजवळचं हे यार्डाचं गाव, सोडून चाललो आहोत. आमची एकुलती एक लेक स्वानंदी नागपूरला असते. तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे आणि ती वर्षभर मागे लागली आहे, 'बाबा, आता तिथे कशाला राहता?' इथून जवळच्या नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासवाल्या गुप्ताजींना आमचं घर मुलांच्या होस्टेलसाठी हवं आहे. मी दोघांनाही हो म्हटलं. त्याआधी अन्नपूर्णेला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी म्हणता तं चला." इतक्या वर्षांच्या संसारात आमची ही कुठल्याच गोष्टीला एका वाक्यात तयार झालेली नाही. साधा पडदा बदलायचा तर आठवडाभर खल चालतो. लेकीची ओढ, दुसरं काय!

अडचण फक्त कॉम्प्युटरची. स्वानंदीच्या इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला, त्याचा डबा आमच्या लग्नातल्या ट्रंकेएवढा. त्यात सगळं आहे: तिचे शाळेपासूनचे फोटो, लग्नाचा अख्खा व्हिडिओ, मंडळाचे गणपती, माझा निरोप समारंभ. जावईबापू अद्वैत फोनवर म्हणाले, "बाबा, तो डबा नका आणू. त्यात एक जादा हार्ड डिस्क बसवा, सगळं तिच्यावर कॉपी करा आणि तेवढी डिस्क काढून आणा." बाहेरून वायरने लावायची डिस्कही मिळते म्हणाले. ते मी साफ नाकारलं. डब्याबाहेर लोंबकळणारा माल मी उभ्या आयुष्यात पास केलेला नाही. जोडायची तर आत, नीट कपलिंग करून.

आणि कॉपी पूर्ण झाल्याशिवाय घर हलणार नाही, हे स्वानंदीला आणि गुप्ताजींना दोघांनाही कळवलं. लोड पूर्ण झाल्याशिवाय गाडी सुटत नसते.

४ एप्रिल, मंगळवार

नेहरू नगरातून डिस्क आणली. पुस्तकापेक्षा लहान, पण हातात वजनदार. दुकानदार म्हणाला, "अंकल, पाँच मिनट का काम है." पाच मिनिटांत शंटिंग उरकणाऱ्यांच्या चौकशा मी पाहिल्या आहेत. पैसे मोजून निघालो.

संध्याकाळी पुलियावर, म्हणजे गल्लीजवळच्या छोट्या पुलावर, भाऊराव आणि कवडूरावांना डिस्क दाखवली. हे दोघे आमच्याच गल्लीतले. भाऊराव ठवकर वॅगन तपासणीत होते. चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचे. कवडू मेश्राम इलेक्ट्रिकलचे. मी यार्ड मास्टर. नोकरीत आमचं एकमेकांशी कधी पटलं नाही, कारण तिघांची खाती वेगळी. निवृत्तीनंतर मात्र रोज संध्याकाळी पुलियावर बसल्याशिवाय कुणाला जेवण जात नाही.

मागच्या आठवड्यात मी जाणार म्हणून सांगितलं तेव्हा कवडूरावांनी विषयच बदलला होता. भाऊराव नुसते पायाने खडा ढकलत राहिले. आज डिस्क म्हटल्याबरोबर दोघे ताडकन उठले.

"तुमी एकट्यानं हात नोका लावू शरदबाबू," भाऊराव म्हणाले. "रीतीनं करू. जॉइंटमधे."

"करंटचं काम हाये," कवडूराव म्हणाले. "मी असल्याबिगर डबा खोलायचा नाही."

त्यांचा उत्साह पाहून बरं वाटलं. मग घरी येताना वाटलं, म्हणजे मी लवकर सुटावं अशीच यांची इच्छा दिसते. थोडं वाईटही वाटलं.

६ एप्रिल, गुरुवार

डिस्क बसवली.

अन्नपूर्णेकडून रीतसर ब्लॉक घेतला, म्हणजे मेन स्विच बंद करायची परवानगी. तिने चटणी वाटून होईपर्यंत दिली नाही. ब्लॉक मिळाल्यावर कवडूरावांनी कॉम्प्युटरच्या डब्याला एक वायर बांधून ती खिडकीतून तुळशीच्या ओल्या मातीत खोचली. अर्थिंगशिवाय आपण हात लावत नाही म्हणाले. मेन स्विच बंद असताना अर्थिंग कशाला, असं मी विचारलं तर त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

भाऊरावांना डिस्क आधी तपासायची होती. ते घरून हातोडी घेऊन आले होते. मी मधे पडलो. शेवटी चहाच्या चमच्यावर तडजोड झाली. त्यांनी चमच्याने चार कोपऱ्यांवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "आवाज चांगला हाये. पन मले गॅरंटी नाही वाटून राहिली."

आत जुन्या डिस्कखाली एक रिकामा खण होता. त्यात नवी डिस्क सरकवली, बाजूंनी स्क्रू आवळले. दोन वायरी लावायच्या असतात: एक पातळ लाल, तिच्यातून माहिती जाते. दुसरी करंटची. दोन्ही टक आवाज येईपर्यंत दाबल्या. ब्लॉक परत केला. कॉम्प्युटर चालू झाला, आणि पडद्यावर नवी डिस्क दिसली! बापूंनी फोनवर सांगितलं तसं एकेक बटण दाबत गेलो आणि ती वापरायला तयार झाली.

अन्नपूर्णा दारात उभी होती. "म्हणजे झालं? आता जायाचं?"

"कॉपी बाकी आहे."

"तिले किती येळ लागते?"

"एक दुपार."

ती आत गेली. डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला. आनंदाने बाईमाणसाच्या डोळ्यांत पटकन पाणी येतं.

७ एप्रिल, शुक्रवार

जेवण झाल्यावर कॉपी सुरू केली आणि जरा पडलो. उठून पाहतो तर कॉपी बंद आणि नवी डिस्क गायब. म्हणजे होती जागेवरच, पण कॉम्प्युटरला दिसत नव्हती. डब्याचं बाजूचं झाकण किंचित तिरकं.

"इथे कोण आलं होतं?"

"कोन येते? मी तं नुसती पुसून राहिली होती," अन्नपूर्णा म्हणाली. "किती धूळ बसते त्याच्यावर."

मी कशालाही हात लावला नाही. अपघाताची जागा जशीच्या तशी ठेवायची असते. तिच्या जुन्या लुगड्याने डबा झाकला आणि दोघांना निरोप धाडला.

१० एप्रिल, सोमवार

जॉइंट नोट पूर्ण व्हायला तीन बैठका लागल्या.

ज्याला रेल्वे ठाऊक नाही त्याला हे कळणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. वॅगन घसरली की सगळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर जमतात, मोजमाप घेतात आणि मिळून एक नोट लिहितात. त्यात प्रत्येक जण दुसऱ्याच्या खात्याकडे बोट दाखवतो. जो एकटा पडतो तो खाली असहमती लिहून सही करतो. एकमताची जॉइंट नोट मी माझ्या नोकरीत तरी पाहिली नाही.

लाल वायर निघालेली सापडली. भाऊरावांचं म्हणणं, करंटच्या झटक्याने निघाली, दोष इलेक्ट्रिकलचा. कवडूरावांचं म्हणणं, पंख्याच्या हादऱ्याने निघाली, दोष मेकॅनिकलचा. मग दोघांनी मिळून ठरवलं की मी बसवतानाच जोरात ढकलली असणार, दोष ऑपरेटिंगचा. मी असहमती लिहिली. खूप भांडलो. फार दिवसांनी इतकं मोकळं भांडलो.

तिन्ही दिवस अन्नपूर्णेने भजी तळली. माझ्या निरोप समारंभालाही तिने एवढी भजी केली नव्हती. नोट संपली तेव्हा तिने विचारलं, "आनखी एखादी बैठक नाही लागत का?"

१३ एप्रिल, गुरुवार

मला लोकलने दुर्गला जायचं होतं, सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलायला. म्हणून भाऊरावांना कॉपीवर पहाऱ्याला बसवलं. नजर हटवायची नाही असं बजावलं.

परत आलो तर कॉपी अर्ध्यावर बंद. या खेपेस करंटची वायर निघालेली. भाऊराव भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मी बरोबर पाहून राहिलो होतो बाबू. जरासा डोया लागला. उघडला तं गेली."

चष्मा पुसत होते ते पुसतच राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. वयाचा परिणाम. पूर्वी हा माणूस चालत्या गाडीचं गरम झालेलं चाक लांबून ओळखायचा. मी अन्नपूर्णेला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितलं. तिने चहाबरोबर बेसनाचे लाडूही दिले. झोप लागलेल्या पहारेकऱ्याला लाडू, ही कुठली पद्धत?

१५ एप्रिल, शनिवार

अन्नपूर्णेने कैरीचं लोणचं घातलं. मोठी बरणी, गळ्यापर्यंत. मी म्हटलं, ही बरणी नागपूरला कशी न्यायची? तर म्हणते, "मुरू तं द्या. आताच कुठं खायाचं हाये!" मुरायला पावसाळा लागेल. शिवाय मागच्या कुंपणाशी दोडक्याचा वेल लावला आणि त्याला मांडव घालायला कवडूरावांकडून बांबू मागवले. गुप्ताजींच्या होस्टेलातल्या पोरांना दोडके मिळावेत म्हणून! बाईचं मन मोठं.

१६ एप्रिल, रविवार

आज कवडूराव पहाऱ्याला. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात कॉपी बंद.

"लाइट गेली," कवडूराव म्हणाले.

पंखा फिरत होता. फ्रिजचाही आवाज येत होता. तसं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"हो जी. कधी कधी अशी एकाच मशीनची जाते."

आयुष्य इलेक्ट्रिकलमध्ये काढलेला माणूस. मी कोण बोलणार?

१८ एप्रिल, मंगळवार

स्वानंदीचा फोन. चिडली होती. "बाबा, लोक स्वतः कॉम्प्युटर जोडतात घरी. तुम्हाला एक डिस्क बसवता येत नाहीये? मी कपाट रिकामं करून बसलेय तुमच्यासाठी." मागून बापू म्हणत होते, अगं, बाहेरून लावायची डिस्क कुरिअर करतो. मी म्हटलं, आता प्रश्न डिस्कचा राहिलेला नाही, रीतीचा आहे. तिने फोन आईला द्यायला सांगितला. अन्नपूर्णा फोनवर नुसतं "हो", "हो वं बाई", "ते म्हणतील तसं" एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर शेगडीवर आधण ठेवलं. गॅस पेटवायचं विसरली.

मी ठरवलं आहे, आता सील लावायचं. मालाची वॅगन भरली की दाराला सील लागतं. मग वाटेत कुणी हात घातला तर कळतं.

२१ एप्रिल, शुक्रवार

काल सकाळी नवी कॉपी सुरू केली, डब्याचं झाकण लावलं, त्यावरून सुतळी ओढली आणि गाठीवर लाख ओतून रुपयाच्या नाण्याचा ठसा उमटवला. तीन सिंह स्पष्ट आले होते. अन्नपूर्णेने मेणबत्ती धरली. मग पुलियावर निवांत बसलो.

दुपारी पाहिलं तर कॉपी बंद. सील मात्र शाबूत! म्हणजे बाहेरच्या कुणाचा हात नाही. एवढंच की ठसा जरा बदललेला वाटला. सकाळी सिंह होते, आता वेलबुट्टी दिसते, आमच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणावर आहे तशी. कवडूराव म्हणाले, एप्रिलच्या उन्हात लाख पसरते. भाऊराव म्हणाले, सिंहाची आयाळ पसरली की अशीच वेल दिसते. पहिल्यांदाच दोन खात्यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं.

मला तरीही थोडी शंका आहे. पण कुणावर घ्यायची?

२२ एप्रिल, शनिवार

आज अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया. गल्लीतल्या पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं. मांडव आमच्याच अंगणात, कारण इथे सावली आहे. अन्नपूर्णा नवरीची आई झाली होती. बाहुलीची पाठवणी करताना इतकी रडली की पोरी घाबरल्या.

मी संध्याकाळी एकटाच यार्डाच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली मालगाडी जोडत होते. एक वॅगन दुसरीला लागली की आवाज लायनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जातो. मी तो आवाज ऐकत झोपलो आहे, ऐकत उठलो आहे. नागपूरच्या नवव्या मजल्यावर काय ऐकू येईल? लिफ्ट.

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, तर लिहूनच टाकतो: मला जायचं नाही. मुळीच नाही. हो म्हटलं ते अन्नपूर्णेसाठी. तिला लेक हवी, नातलग हवेत. तिने माझ्या बदल्या काढल्या, माझ्या रात्रपाळ्या काढल्या. आता तिच्या मनासारखं होत असताना मी मोडता घालणार नाही.

घरी आलो तर तिने विचारलं, "तिथं खिडकीतून काय दिसते जी?"

"रस्ता."

"हं," म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

२५ एप्रिल, मंगळवार

गुप्ताजी टेप घेऊन आले. अंगणातलं सीताफळ तोडून तिथे बाथरूम करणार. दोडक्याच्या मांडवाला हात लावून म्हणाले, "ये तो हट जाएगा." माझं डोकं तापलं, पण घर त्यांना दिलं म्हटल्यावर झाडही त्यांचंच. अन्नपूर्णेने त्यांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मागाहून मी त्यातलं उरलेलं चाखून पाहिलं. मीठ होतं. साखरेचा आणि मिठाचा डबा ही कधी चुकत नाही. जाण्याच्या गडबडीत बिचारीचं चित्त थाऱ्यावर नाही.

"आपका डिस्क का काम हो गया?" त्यांनी जाताना विचारलं.

"रविवारी शेवटची खेप. सोमवारी किल्ली."

बोललो खरा. ते गेल्यावर सीताफळाला बादलीभर पाणी घातलं.

३० एप्रिल, रविवार

आजचं नीट लिहितो. 

सकाळी तिघांसमोर दोन्ही वायरी तपासल्या, कॉपी सुरू केली. सील लावलं नाही, लाख संपली होती. कॉम्प्युटरचा पडदा अन्नपूर्णेनेच बंद केला. "सारखं पाहिलं की दूधबी उतू जात नाही," म्हणाली. मग ती समोर भाऊरावांकडे गेली, त्यांच्या सिंधुताईंना पापड लाटायला मदत करायला. आमच्यासोबत नागपूरला द्यायचे पापड. भाऊराव आणि कवडूराव थोडा वेळ इथेच घुटमळले. मी शेवटची ट्रंक बांधायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर तेही गेलेले.

दुपारी मी घरात एकटा. भिंतीवर फोटो काढलेल्या जागांचे चौकोन. कॉम्प्युटर घुं घुं करत होता. पडदा चालू करून आकडा पाहण्याची मला हिंमत झाली नाही. कॉपी एकदा पूर्ण झाली की मग थांबायला कारण उरणार नाही. उद्या किल्ली, परवा गाडी.

मी खुर्ची ओढली. डब्याशेजारी बसलो. मग काय झालं मला ठाऊक नाही, म्हणजे ठाऊक आहे: मी उठून दार लावलं, झाकणाचे स्क्रू काढले. आयुष्यभर सिग्नल मोडला नाही. भरधाव गाडीची कपलिंग तोडायला निघालो होतो. मनात म्हटलं, एकदाच. फक्त आणखी एक जॉइंट नोट. आणखी आठ दिवस.

लाल वायर ओढायला आत हात घातला.

वायर नव्हतीच. म्हणजे होती, पण आधीच काढलेली. व्यवस्थित गुंडाळी करून, तिला दुधाच्या पिशवीचं रबर लावलेलं. आमच्या घरात प्रत्येक पिशवीचं रबर कोण जपून ठेवतं ते मला माहीत आहे. करंटच्या वायरीच्या तोंडाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, इलेक्ट्रिकलवाले गुंडाळतात तशी, घट्ट आणि तिरकी. आणि डिस्कवर पांढऱ्या खडूची मोठी फुली. वॅगन बिघडली की तपासणीवाले अशीच फुली मारतात. मग ती गाडीतून तोडून सिक लाइनवर, म्हणजे आजारी वॅगनच्या वेगळ्या रुळावर, उभी करतात. ही फुली मी हजार वॅगनवर पाहिली आहे. तिची एक टांग नेहमी लांब असते, कारण भाऊराव डावखुरे आहेत.

आधी मला हसू आलं. मोठ्याने हसलो. सिंह, वेलबुट्टी, एका मशीनची गेलेली लाइट, सगळं एकदम आठवलं. केवढा मूर्ख मी! आणि मग त्याच खुर्चीत बसून रडलो. इतकी माणसं मला थांबवायला चोऱ्या करत होती आणि मी त्यांच्यावर असहमती लिहीत होतो.

डोळे पुसून समोर गेलो. चौघं पापडांभोवती बसली होती. मला पाहताच लाटणं थांबलं.

"डिस्क पाहिली?" भाऊरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"पाहिली."

"मंग?"

"सिक आहे," मी म्हटलं. "लांब पाठवण्याच्या लायकीची नाही."

कवडूरावांनी हातातली लाटी खाली ठेवली. अन्नपूर्णा माझ्या हाताकडे पाहत होती. माझ्या मुठीत ते रबर राहिलं होतं.

"तुमाले राग आला का जी?" ती म्हणाली. "तुमाले जायाची किती हौस होती. माह्यानं बोललं नाही गेलं."

"मला? मला कुठली हौस! तुलाच लेकीकडे जायचं होतं ना?"

"मी कधी म्हटलं? मी म्हटलं, तुमी म्हणता तं चला."

"ते म्हणजे हो नाही?"

"ते म्हणजे हो असते का?" सिंधुताई लाटणं उगारून म्हणाल्या. "बायको एवढ्यात हो म्हणते तवाच समजाले पायजे, काहीतरी बिघडलं म्हणून. अन् मी कावून एवढे पापड लाटले मंग?"

भाऊरावांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसत होते की काय ते कळलं नाही, कारण त्यांनी चष्मा काढला.

जॉइंट नोट तिथेच, पापडाच्या पोळपाटावर लिहिली. डिस्क प्रवासास अयोग्य. तिच्यासोबतचे दोन प्रवासीही अयोग्य. पुढील हुकूम होईपर्यंत चरोद्यातच उभे करावेत. तिन्ही खात्यांच्या सह्या झाल्या. अन्नपूर्णेने चौथी सही केली, पिठाच्या बोटांनी. असहमती कुणाचीही नाही.

१ मे, सोमवार

गुप्ताजींना सांगितलं, घर द्यायचं नाही. ते बरंच काही बोलले. ऐकून घेतलं, शब्द माझाच मोडला होता.

मग स्वानंदीला फोन केला. वाटलं होतं रागावेल. तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आई तुमच्यासाठी येत होती आणि तुम्ही आईसाठी? आणि मी इथे कपाट रिकामं करतेय!" नाक ओढल्याचा आवाज आला. मला अपराधी वाटलं. पोरीने मनापासून बोलावलं होतं. म्हटलं, "बेटा, पावसाळ्यात येऊ ना. पंधरा दिवस राहू. लोणचं मुरलं की."

दुपारी बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, आणि कांदा खाल्ला. ट्रंका सोडल्या. फोटो परत भिंतीवर लावले. एक वाकडा लागला आहे. असू दे.

७ मे, रविवार

फोटो तरी नेतो, म्हणून जावईबापू स्वतः आले. मी ब्लॉक मागितला, अन्नपूर्णेने लगेच दिला. कवडूरावांनी आपल्या हाताने चिकटपट्टी सोडवली. भाऊरावांनी फुली पुसली आणि तिच्या जागी खडूने 'फिट' लिहिलं. मी लाल वायरीचं टोक दाबलं. टक.

कॉपी जेवणाआधी सुरू झाली. आम्ही अंगणात सीताफळाखाली बसलो. कुणी आत गेलं नाही, कुणाचा डोळा लागला नाही, लाइटही गेली नाही. अन्नपूर्णेने धूळसुद्धा लांबूनच पाहिली. चहाच्या वेळेला सगळं पूर्ण, एक फोटो गहाळ नाही.

"बाबा, हे तर खरंच एका दुपारचं काम होतं," बापू डिस्क काढता काढता म्हणाले. "महिनाभर अडलं कुठे होतं?"

कवडूरावांनी चिकटपट्टी खिशात सरकवली.

"तपास सुरू हाये," भाऊराव म्हणाले.

संध्याकाळी बापूंना स्टेशनवर सोडलं. डिस्क त्यांच्या बॅगेत, सिंधुताईंच्या पापडांमध्ये नीट बसवलेली. गाडी सुटली तेव्हा भाऊरावांनी खिशातला हिरवा रुमाल काढून हलवला. सवय जात नाही. घरी आलो तर अन्नपूर्णा दिवसभर उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी आत घेत होती. दुसरी बाजू मी धरली.